न वाजणारी डिस्क

भरतेश मगदूमनं डिस्क दोन्ही हातांनी कानाशी धरली आणि तान्ह्या पोरापुढं खुळखुळा हलवावा तशी जोरजोरात हलवली. आवाज नाही. उलटी करून हलवली. तरी नाही.

"वाजत्या काय गं?"

"न्हाई वाजत, पप्पा. आता तुमचे खांदे वाजायला लागले," ऋजुता म्हणाली. ती स्टुलावर बसून हेल्मेटची पट्टी शिवत होती. "ठेवा की खाली."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बापलेकीचं बोलणं असलंच. ऋजुताची आई म्हणायची, ह्या दोघांच्यात नटबोल्ट नसते तर एकमेकांची ओळखसुद्धा झाली नसती. आणि गेल्या वर्षापासून तर नटबोल्टांबद्दलही मोजकंच चालायचं. ते का, ते सांगतो. पण आधी डिस्कचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

शर्यतीच्या गाडीची ब्रेकची डिस्क दोन तुकड्यांची असते. बाहेरची रिंग लोखंडाची, तिच्यावर ब्रेकचे पॅड दाबले जातात. मधली टोपी ॲल्युमिनियमची, हलकी, ती चाकाला बोल्टनं बसते. दोन्ही जोडायच्या, पण एकजीव करायच्या नाहीत. ब्रेक मारला की रिंग तापून लाल होते आणि फुगते. टोपी त्या मानानं थंड राहते. म्हणून रिंगेच्या आतल्या काठाला खाचा, टोपीला तेवढेच कान, आणि प्रत्येक खाचेत पेराएवढी एक पोलादी बॉबिन. बॉबिन आणि खाच यांच्यामध्ये केसभर फट ठेवायची. त्या फटीत रिंग सरकते, फुगते, निवली की परत जागेवर येते.

आता फट आली की खुळखुळ आली. पेट्रोलच्या गाड्या होत्या तेव्हा इंजिनच्या गर्जनेत कुणाला ऐकू येत होतं? पण गाड्या विजेवर गेल्या, मुक्या झाल्या, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायला लागलं. "एवढी भारी गाडी, आणि पायात चाळ बांधल्यागत वाजत्या, मगदूम. लोक हसतात."

भरतेशनं त्यावर उपाय काढला. कंपनीनं सांगितलेली फट त्याला पहिल्यापासून उधळपट्टी वाटायची. उद्यमनगरात वाढलेला माणूस. तिथं फिटिंग बोललं की फिटरची अब्रू गेली. तो एकेक बॉबिन त्या त्या खाचेसाठी वेगळी घ्यायचा, पेस्ट लावून हातानं घासायचा, आणि फट निम्म्याहून कमी करायचा. डिस्क गप्प व्हायची. काम इतकं बेमालूम की मगदुमाची डिस्क वाजत नाही, हे बेळगावपासून पुण्यापर्यंत लोक मानायला लागले. गाड्या लांबून त्याच्या शेडपुढं येऊन उभ्या राहायच्या, आणि भरतेश त्या गप्प डिस्क कानाशी हलवून मनातल्या मनात फुगायचा.

मधल्या काळात रिंगा बदलल्या. हा बदल साधासुधा नव्हता. नव्या रिंगेचं लोखंड ओततानाच त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य कुप्या मिसळलेल्या असत, पिठात मीठ मिसळावं तशा. प्रत्येक कुपीत एक मऊ मिश्रधातू. रिंगेला तापून भेग पडायला लागली की भेगेच्या वाटेत येणाऱ्या कुप्या फुटत, आतला मिश्रधातू वितळून भेगेत उतरे आणि रिंग निवताना तिथंच गोठे. तडा बुजला! भिंग लावा, एक्स-रे काढा, जखमेची खूण सापडायची नाही. कंपनीनं नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं. उद्यमनगरानं तिचं बारसं केलं 'औषधी रिंग'.

आणि मग दुनिया बदलली म्हणायची. तडकलेल्या डिस्कांपायी होणारे अपघात बंद झाले, ही चांगली गोष्ट. पण जुनी गाडी विकणारा छातीवर हात ठेवून सांगायला लागला की गाडी कधी तापलीच नाही, आणि त्याला खोटं पाडायला कुणाजवळ काही नसायचं. डिस्क बघून गाडीचा इतिहास सांगणारे जुने मिस्त्री घरी बसले. आणि पूर्वी ज्याचा विचारसुद्धा कुणी केला नसता तो खेळ निघाला. घाट चढायची नव्हे, घाट उतरायची शर्यत. विजेची मोटार एरवी बॅटरीत वीज परत भरत गाडीला रोखते, पण माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली, त्यामुळं मोटार गाडीला रोखून धरू शकत नाही. सगळा भार ब्रेकवर. जुन्या डिस्क अर्ध्या घाटात फुटल्या असत्या. औषधी रिंग मात्र तडकत, बुजत, परत तडकत तळापर्यंत जायची.

ऋजुता ह्या शर्यतीतली वाघीण. आणि भरतेश घाटाला भिणारा माणूस. तरुणपणी तो एका गाडीत मेकॅनिक म्हणून बसला होता, ब्रेक गेले, गाडी कठड्यावर अडकली म्हणून वाचला. त्यानंतर उतरणीला तो कुठल्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसला नाही. लेकीच्या शर्यतीला तो कोल्हापूरहून गगनबावड्याला जायचा, माथ्यावर खुर्ची टाकायचा आणि दरीकडं पाठ करून बसायचा.

गेल्या वर्षी त्याला ते सोसलं नाही. ऋजुता सुटायच्या बेतात असताना तो आडवा आला. रिंग तडकलीया, मी बघितली, थांबवा! चाक काढलं. रिंग कोरी करकरीत. "मग बुजली असंल," भरतेश म्हणाला, "औषधी हाय न्हवं?" त्याला खोटं पाडणार कोण? ऋजुताची पाळी गेली, वर्ष गेलं. तिनं बापाच्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि तिला ते खोटं कळलं. सगळ्या उद्यमनगराला कळलं. कोणी बोललं नाही, एवढंच.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिनं शेडमध्ये येऊन सांगितलं. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं तीही स्वतःला 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणायची.

"मी उतरणार, पप्पा. डिस्क तुम्ही बसवणार असाल तर बसवा. तुमच्यासारखी कुणी बसवत न्हाई, हे मला पण मान्य हाय. पण परत आडवं यायचं न्हाई. आलात, तर मी पुण्याच्या टीमकडं जातो. राहायला पण तिकडंच."

"एवढं?"

"एवढंच."

मग भरतेशनं आपली सगळी भीती कामात घातली. पुढच्या चाकांना मोठी रिंग, नवी हलकी टोपी. प्रत्येक बॉबिन त्यानं स्वतः घासली. बोल्ट समोरासमोरचे धरून टप्प्याटप्प्यानं आवळले, टॉर्कचा पाना टक् म्हणेस्तोवर, आणि मग परत एकदा. लेकीला थांबवता येत नाही, तर निदान तिच्या डिस्कनं हूं की चूं करता कामा नये.

आणि आज ती डिस्क गप्प होती. उद्या घाट चढायचा होता.

*

सरावाचे दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गगनबावड्याजवळच्या भुईबावडा घाटाच्या माथ्यावर जत्रा भरली होती. गाड्या रांगेत, पोरं कठड्यांवर, कटवड्यांचा वास सगळीकडं. ऋजुताचा नंबर बावीस. तिच्यामागं चौदा नंबरची इंगवल्यांची गाडी. रांग अशीच उलटसुलट असायची, चिठ्ठ्या टाकून ठरलेली.

भरतेशनं गाडीचं पुढचं डावं चाक उचलून घेतलं. शर्यतीआधी त्याची एक सवय होती. फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी तो एका खाचेत घालून बघायचा. नुसतं मनाच्या समाधानाला. पट्टी सरकन् आत जायची, तो 'हं' म्हणायचा आणि चाक खाली घ्यायचा.

पट्टी आत गेली नाही.

कचरा असेल. त्यानं ब्रशनं खाच साफ केली, फुंकर मारली. परत घातली. पट्टी वाकली. दुसरी खाच बघितली, तिसरी बघितली. मग उजव्या चाकाकडं गेला. तिथंही तेच. रिंग गार होती, रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी. गार रिंगेत फट नाही, म्हणजे तापल्यावर ती फुगणार कुठं?

त्याला एकदम एक गोष्ट आठवली. कंपनीच्या माणसानं औषधी रिंग पहिल्यांदा दाखवायला आणली होती तेव्हा कौतुकानं सांगितलं होतं, "आमचा मिश्रधातू गोठताना किंचित फुगतो बरं का, पाण्याचं बर्फ होताना फुगतं तसा. म्हणून तर भेग गच्च भरते." भरतेशनं मान डोलावली होती. चांगलंच आहे की, गच्च भरलेली बरी. पण भेगा पडतात त्या बहुतेक खाचांच्या कोपऱ्यांत. तिथंच बुजतात आणि तिथंच धातू वाढतो. भेग भरली की खाच रतीभर अरुंद. परत भरली की परत अरुंद. दोन दिवसांच्या सरावात ही रिंग किती वेळा तडकून बुजली असेल, देव जाणे.

आणि कंपनीची ती उधळी फट? ती उधळी नव्हतीच. ती ह्या वाढीसाठी राखून ठेवलेली जागा होती. खुळखुळणारी डिस्क म्हणजे जागा शिल्लक असलेली डिस्क. भरतेशनं ती जागा स्वतःच्या हातानं, घासून घासून, अब्रूसाठी खाऊन टाकली होती.

आता रिंग तापली की बॉबिनला चावणार, बॉबिन टोपीच्या कानाला ढकलणार, आणि तापून मऊ पडलेलं ॲल्युमिनियम किती वेळ दम धरणार? एक कान तुटेल, मग शेजारचा, मग सगळे. पॅड रिंगेला घट्ट धरून राहतील आणि चाक मोकळं फिरत जाईल, दरीकडं.

"बावीस नंबर! लाईनवर या," कर्ण्यावर पुकारा झाला.

*

सुरुवातीच्या रेषेवर सावर्डेकर उभे होते. शर्यतीचे मुख्य अधिकारी. मुळातले मास्तर, त्यामुळं आवाज वर्गातला. भरतेश धावत गेला तेव्हा ऋजुता पट्टे आवळून बसली होती, काच खाली होती.

"सावर्डेकर, गाडी सोडू नका. पुढच्या डिस्कात फट उरली न्हाई. टोपी तुटणार."

सावर्डेकरांनी त्याच्याकडं बघितलं, मग हातातल्या पडद्याकडं. रिंगेत बसवलेले सेन्सर तिचा अहवाल तिथं पाठवत. हिरवा, हिरवा, सगळं हिरवं. "रिंग शंभर टक्के सांगतंय हे."

"रिंग ठणठणीत हाय. रिंग काय करतीया, ती वाढलीया! टोपीत सेन्सर न्हाई, साहेब. टोपीचं कोण बघणार?"

"मगदूम," सावर्डेकर दमात म्हणाले, "गेल्या वर्षीचं नाटक परत? काय दाखवायचं असेल ते दाखवा. तडा दाखवा."

तडा कुठून दाखवणार? गाडी तापली नव्हती. फिलर गेजची पट्टी दाखवली असती, पण फट किती ठेवायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं, त्याला नियम नव्हता. मगदुमाची फट तर कमीच असते, हे सगळ्या जगाला माहीत.

"बरं," सावर्डेकरांनी मान वळवली. "ह्या रांगेत तुम्ही बसवलेल्या आणखी डिस्क आहेत. मागं चौदा नंबर. त्यांच्यात पण फट नाही काय? त्याही थांबवू?"

भरतेशनं मागं चौदा नंबरकडं बघितलं. हो म्हटलं की संपलं. मगदुमाची डिस्क माणसं मारते, हे संध्याकाळपर्यंत बेळगावात पोचणार. आणि इंगवल्यांची रिंग नवी आहे, त्यांनी एकच दिवस सराव केला, एवढ्यात नाही वाढायची. त्यानं स्वतःची अशी समजूत घातली. घातली म्हणजे घालायचा प्रयत्न केला.

"त्या... त्या बऱ्या हाईत."

सावर्डेकर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "म्हणजे फक्त तुमच्या पोरीचीच बिघडली."

ऋजुतानं ते ऐकलं. तिचं तोंड हेल्मेटच्या आत होतं, डोळे तेवढे दिसत होते. "पप्पा, बाजूला व्हा."

"ऋजू, ह्या वेळेला खरं बोलालोय. आईची शपथ."

"गेल्या वर्षी पण घातली होती."

घातली होती. भरतेशला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. हिला आता कुठल्या तोंडानं पटवायचं? पाया पडलो तरी नाटक, रडलो तरी नाटक. त्यानं तंबूकडं धाव घेतली, जादाचं हेल्मेट उचललं, डोक्यात कोंबलं, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूनं दार उघडून शेजारच्या सीटवर बसला. ती सीट सहायकाची. नियमानं ठेवावी लागे, बसायलाच हवं असं नव्हतं, पण बसायला बंदीही नव्हती.

"काय करालाय?" ऋजुता ओरडली.

"पट्टा कसा लावायचा ह्याचा?"

"उतरा खाली!"

"तू उतरलीस तर उतरतो."

पट्ट्याचं टोक काही केल्या कुलपात जाईना. ऋजुता बघत राहिली. बाप घाटात गाडीत बसत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पण मग तिच्या मनात हेही आलं असणार की बापाला ठाऊक आहे, तो बसला की मी जाणार नाही. हेही एक आडवं येणंच. तिनं हात लांब करून त्याचा पट्टा खाटकन् लावला.

"बसा मग," ती म्हणाली.

दिवा हिरवा झाला.

*

पहिल्या उतारावर भरतेशनं दोन्ही हातांनी सीट धरली. विजेच्या गाडीला आवाज नाही. नुसता वारा आणि टायरची किरकिर. समोर वळण आलं, म्हणजे वळण नव्हतंच, समोर नुसतं आभाळ होतं. ऋजुतानं ब्रेक मारला आणि पट्टे त्याच्या खांद्यात रुतले. गाडी वळली. परत उतार, परत आभाळ.

त्यानं डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून काही उपयोग नव्हता. रड, ओरड, थांब म्हण, असं सगळं अंग म्हणत होतं. पण थांब म्हटलं की ही आणखी जोरात जाणार, एवढं त्याला लेकीबद्दल माहीत होतं. आणि कानात हेल्मेटच्या स्पीकरमधून स्वतःचाच श्वास.

"बायस मागं घे," तो म्हणाला.

"काय?"

"थांब म्हणत न्हाई. ब्रेकचा जोर पुढं जास्त हाय, तो मागच्या चाकांवर घे. मागच्या डिस्क कंपनीच्या हाईत, त्यांना जागा हाय. पुढच्या माझ्या हाताच्या."

ऋजुतानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं असेल. मग तिचा हात खाली गेला आणि तिनं बायसची चकती फिरवली. पुढच्या वळणावर गाडीचं बूड डुललं, तिनं ते सावरलं.

"आणखी."

"आणखी घेतला तर मागचं घसरंल, पप्पा!"

"घसरू दे. तू सावरतीस की."

तिनं आणखी फिरवली. आता ती हळू चालली होती. तिनं ठरवून केलं की आपोआप झालं, कोण जाणे. गेल्या वर्षी बाप ओरडत होता, छाती पिटत होता. ह्या वर्षी तो शेजारी बसून काम करत होता, आणि खोटं बोलणारा माणूस असं काम करत नाही, हे तिला कुठंतरी कळलं असावं.

उशीर झाला होता मात्र. डाव्या बाजूनं एक बारीक आवाज आला. टिंग. ताटावर खडा पडावा एवढाच.

"गेला," भरतेश म्हणाला. "डावीकडचा एक कान गेला."

"खरं?"

"खरं, ऋजू. आता दाबून धरू नकोस. मार आणि सोड. मार आणि सोड. पुढं मोकळी जागा कुठं हाय?"

"दोन वळणं झाली की. मुरमाचा पट्टा."

टिंग. मग लगेच आणखी एक. ब्रेकचं पेडल ऋजुताच्या पायाखाली थरथरायला लागलं. तिनं ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडं ओढली गेली, दरीकडं, कारण डावं चाक आता अर्धवटच धरत होतं. भरतेशला कठड्याचे पांढरे दगड अगदी जवळ दिसले. ऋजुतानं स्टेअरिंग डावीकडं पिळलं, गाडी डोंगराच्या अंगाला घासली, भरतेशच्या बाजूचा आरसा तुटून मागं उडाला.

"मार आणि सोड," तो म्हणत होता. "मार आणि सोड. शाबास. मार आणि सोड."

एक वळण झालं. दुसरं झालं. मुरूम दिसला. ऋजुतानं गाडी त्यात घातली, चाकं रुतली, आणि गाडी उभी राहिली. मग ऋजुतानं त्याचा पट्टा सोडला, कारण त्याला तो सोडता येत नव्हता.

*

पुढचं डावं चाक तापून धग मारत होतं. दोघं त्याच्यापुढं उकिडवे बसले. चाकाच्या आऱ्यांमधून आत दिसत होतं. रिंग लालबुंद, आणि एका खाचेपासून निघालेली काळी भेग. बघता बघता लाली उतरली, भेगेत चांदीसारखी रेघ पाझरली, पसरली आणि करडी झाली. भेग नाहीशी झाली. हे होताना स्वतःच्या डोळ्यांनी भरतेशनं आजवर कधी बघितलं नव्हतं.

पण टोपी तशीच होती. साधं ॲल्युमिनियम, त्याला औषध नाही. तीन कान मुळापासून तुटलेले, चौथ्याला चीर.

ऋजुता बराच वेळ त्या कानांकडं बघत राहिली. मग तिनं बापाच्या हेल्मेटवर हात ठेवला.

गाडीतल्या वायरलेसवर सावर्डेकरांचा आवाज आला. "बावीस नंबर, काय झालं? सांगा. बावीस."

ऋजुता वाकली, माइक घेतला. बोलायच्या आधी तिनं भरतेशकडं बघितलं. तो मुरमात फतकल मारून बसला होता, तोंड पांढरंफटक. एवढ्या वर्षांचं नाव, आणि ते आता ह्या चार कानांत लोंबकळत होतं. भरतेशला तिच्या डोळ्यांत दिसलं की ती काय करणार आहे.

"आम्ही बरे आहोत, काका," ती म्हणाली. "रिंग तडकली होती. आता बुजली. आम्ही बाहेर."

बास. एवढंच पुरे होतं. उद्या टोपी बदलायची, मोडकी भट्टीत टाकायची. रिंग कोरी. कुणी काही विचारणार नाही, विचारलं तर सापडणार नाही. त्यानं तिला जे शिकवलं नव्हतं तेही ती त्याच्याकडून शिकली होती, आणि त्याच्यासाठीच वापरत होती.

"रस्ता मोकळा आहे?"

"मोकळा आहे. आम्ही मुरमात आहोत."

"ठीक. मग चौदा सोडतो."

भरतेश उठला की पडला ते त्यालाच कळलं नाही. गुडघ्यांवरच पुढं गेला आणि त्यानं लेकीच्या हातातला माइक हिसकला.

"सोडू नका! सावर्डेकर, भरतेश बोलतोय. सोडू नका चौदा."

"मगदूम, काय चाललंय?"

"रिंग न्हाई, टोपी तुटलीया. तीन कान गेले. फट मी कमी ठेवली, रिंग वाढली, जागाच उरली न्हाई. चौदाची पण मीच बसवलीया."

"मघाशी म्हणालात ती बरी आहे."

"खोटं बोललो."

वायरलेस गप्प झाला. ऋजुता बापाकडं बघत होती. वर घाटात काही ऐकू येत नव्हतं. येणारही नव्हतं, ह्या गाड्यांना आवाज कुठं असतो? चौदा सुटली असली तर ती सरळ वळणावरच दिसणार. भरतेशनं वळणाकडं नजर लावली. इंगवल्यांचा पोरगा, विराज. मागच्या आठवड्यात पेढे घेऊन आला होता, डिस्क वाजत नाही म्हणून.

"सावर्डेकर?" त्यानं माइक तोंडाला चिकटवला. "सावर्डेकर, सुटली काय? बोला की हो!"

खरखर झाली.

"थांबवली," सावर्डेकर म्हणाले. त्यांचा वर्गातला आवाज पार गेला होता. "दिवा हिरवा होता. पोरगं पुढं सरकलं होतं. मी आडवा गेलो. थांबवली, मगदूम."

भरतेशच्या हातातून माइक सुटायला लागला. ऋजुतानं तो पकडला आणि त्याच्या तोंडापुढं धरला.

"आणखी कुठल्या?" सावर्डेकरांनी विचारलं. "सगळ्या सांगा."

"एकतीस," भरतेश म्हणाला. "नऊ. ती निपाणीची निळी, नंबर ध्यानात न्हाई."

"सत्तेचाळीस," ऋजुता म्हणाली. "आणि अकिवाट्यांची, पप्पा. ती राहिली."

"अकिवाट्यांची पण. सगळ्यांचं चाक उचला, पातळ पट्टी घालून बघा. गेली न्हाई तर गाडी ढकलत घरला न्या."

"लिहून घेतलं," सावर्डेकर म्हणाले. "आणि ज्या शर्यतीत नाहीत त्या? रस्त्यावरच्या?"

भरतेशच्या डोळ्यांपुढं शेडपुढं उभ्या राहिलेल्या गाड्या येत होत्या, एकामागून एक, कुणी आंबोली घाटातून जाणारा, कुणी खंबाटकीतून. सगळ्या गप्प. त्यानं हेल्मेट काढलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

ऋजुता त्याच्याशेजारी मुरमात बसली. तिनं एका हातानं त्याची पाठ धरली आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढला.

"बेळगावपासनं सुरू करू," ती म्हणाली. "नावं सांगा. मी लावतो."